वाईट मातीला पहिला नंबर

"मॅडम, आपलं विद्यापीठ उद्या बंद पडलं, तर सकाळी फिरायला येणाऱ्यांशिवाय कुणाला कळंल तरी का?"

हा प्रश्न राजनंदिनीचा नव्हता. तो तिच्या शेजारी बसलेल्या शिवांजलीनं तयार केला होता आणि "दम असला तर विचारून दाखव, रंकाळ्यावरची भेळ माझ्याकडनं" असं म्हणून तिच्या कानात सोडला होता. सहा महिन्यांपूर्वीची राजनंदिनी असती तर ती बाकाखाली न पडलेलं पेन शोधायला वाकली असती. पण मधल्या काळात पेठ वडगावच्या वक्तृत्व स्पर्धेत तिला दुसरा नंबर मिळाला होता, आणि तेव्हापासून तिचा हात तिच्या डोक्याच्या आधी वर जायचा. डोकं मागनं धापा टाकत यायचं.

हॉलमध्ये हशा पिकला. बारावीच्या पोरांना 'पुढं काय' हे सांगायला विद्यापीठातून प्रियदर्शनी मॅडम आल्या होत्या. मोठं आवार इथं टेकडीवर, लहान आवारं गावोगावी, शिवाय खेड्यापाड्यांतली कॉलेजं, असं सगळं त्यांनी पडद्यावर दाखवलं होतं. प्राचार्यांचा चेहरा शिळ्या भाकरीसारखा कडक झाला.

खरं सांगायचं तर प्रश्नात तथ्य होतं. राजनंदिनीच्या घरी विद्यापीठ म्हणजे फिरायची जागा. पप्पा रोज पहाटे बूट घालून "विद्यापीठात जाऊन येतो" म्हणत निघायचे. इतकी वर्षं जाऊन त्यांच्या ज्ञानात भर पडली होती ती एवढीच, की आज मोर कुठल्या झाडावर बसला होता.

मॅडम हसल्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"नाव काय तुझं?"

"राजनंदिनी."

"मी कुरुंदवाडच्या आवारात असते, राजनंदिनी. तिथं फिरायला कुणी येत नाही, कारण फिरायला जागाच नाही. येत्या शनिवारी ये. काम कर. कुणाला कळेल आणि कुणाला नाही ते स्वतः बघ, आणि याच स्टेजवर येऊन सगळ्यांना सांग. सर, चालेल ना?"

प्राचार्यांचा चेहरा एकदम तूप लावल्यासारखा मऊ झाला. "चालंल म्हणजे? पळंल!"

टाळ्या पडल्या. सगळ्यात मोठ्यानं शिवांजलीनं वाजवल्या.

आता यात अडचण अशी होती की राजनंदिनीला विद्यापीठाशी काही घेणंदेणं नव्हतं. ती पुण्याला जाणार होती. हे तिनं वर्षापूर्वी जाहीर केलं होतं आणि त्यासाठी घरात अन्नत्यागही केला होता. अन्नत्याग तीन जेवणं टिकला, त्यालाही उशीखालच्या चिवड्याची साथ होती. पप्पांनी शेवटी हात टेकले. उद्यमनगरात त्यांचा लेथचा कारखाना. शेजारच्या प्रत्येक शेडमध्ये जाऊन "पोरगी पुण्याला चालली" हे सांगून झालं होतं. केशरी रंगाची चाकांची बॅग आणून झाली होती. आत्याचा पुण्यातल्या आपल्या नणंदेला फोन करून झाला होता. आणि राजनंदिनी रोज आरशासमोर उभी राहून "मी जाते, मी येते, मी करते" असं घोकत होती. कोल्हापूरच्या पोरी 'मी जातो, मी येतो' म्हणतात; पुण्यात हसायला नकोत.

सगळ्या नातेवाइकांना तिनं एकच वाक्य ऐकवलं होतं : "इथं काय ठेवलंय?" आजोळ कुरुंदवाडचं असूनही. कुरुंदवाड म्हणजे तिच्या लेखी मामाचं घर, आणि मामानं शेजारच्या देवाच्या वाडीहून आणलेली बासुंदी. त्यापलीकडं तिथं जमीन असते आणि त्या जमिनीत काही उगवतं, हे तिनं कधी मनावर घेतलं नव्हतं.

शनिवारी ती एसटीनं कुरुंदवाडला उतरली. अंगात धुवून ताठ केलेला कुर्ता, पायांत नवेकोरे पांढरेशुभ्र बूट. माती गोळा करायला जाताना कोण पांढरे बूट घालतं? जिला फोटो काढायचे असतात ती.

आवार म्हणजे जुनं तंबाखूचं गोदाम होतं. आत टेबलं, काचेची भांडी, भिंतीला नदीकाठच्या गावांचा मोठा नकाशा. मॅडमनी काम समजावलं. उसाला पाणी पाजून पाजून खालचं मीठ वर आलंय. उन्हाळ्यात रानं पांढरी पडतात, त्यात काही उगवत नाही. त्यासाठी जमिनीखालून निचऱ्याचे पाइप टाकायचे आहेत, पण कुठून कुठं, ते मातीवरून ठरणार. "म्हणून प्रत्येक रानात स्वतः जायचं, हे गिरमिट खोल फिरवायचं, रानाच्या चार कोपऱ्यांतली माती काढून एकत्र करायची आणि पिशवीत भरून नाव लिहायचं. समजलं?"

"एकदम," राजनंदिनी म्हणाली. ते 'एकदम' तिला पुढं बरंच महागात पडलं.

मॅडम दोन विद्यार्थ्यांना घेऊन गावाच्या वरच्या अंगाला गेल्या. खालची आळी राजनंदिनीच्या वाट्याला. गिरमिट चांगलंच जड होतं, ऊन वर आलं होतं, आणि पहिल्याच घराच्या कट्ट्यावरून तानाबाई आज्जीनं हाक मारली.

"कुणाची गं तू, पावणं? बस की. च्या घे."

"न्हाय आज्जी, रानात जायचंय. विद्यापीठातनं आलोय."

"रान काय पळून चाललंय व्हय? बस."

राजनंदिनी बसली. चहा आला. चहाबरोबर ती कोण, कुणाची, आई कुठल्या घरातली हे निघालं. "अगं, मग तू आमची भाचीच की!" म्हटल्यावर भाकरी आणि ठेचा आला. इकडं आळीतल्या चार बायका जमल्या. श्रोते दिसले की राजनंदिनीच्या जिभेला चाकं फुटत. तिनं कट्ट्यावर उभं राहून मातीचं महत्त्व सांगितलं. "माती ही आपली माय आहे!" या वाक्याला हातही पसरला. पेठ वडगावला या हातानं परीक्षकांचा चहा सांडला होता, तरी दुसरा नंबर आला होता.

आणि मग तिच्या सुपीक डोक्यातून कल्पना निघाली. एवढ्या रानांत भटकायचं कशाला?

"मावशी, असं करूया का? तुम्हीच आपापल्या रानातली वाईच माती आणून द्या. मी हितंच नावं लिहितो."

बायका आनंदानं उठल्या. पोरं पळाली. जेवण होईपर्यंत पिशव्या भरल्या. आकाराम तात्या, पुढच्या घरातले, स्वतः पिशवी घेऊन आले. "बघा, पावणं, कशी हाय? तोंडात टाकावी अशी." राजनंदिनीनं मान डोलावली. तिला माती आणि कोको पावडर यांतला फरक कळत नव्हता. पण काळीभोर, भुसभुशीत माती दिसत होती सुंदर. तिनं फोटो काढला आणि शिवांजलीला पाठवला : "विद्यापीठाला जे दिवसभरात जमलं नसतं ते मी बसल्या जागी केलं."

बसल्या जागी. शब्द अगदी खरा होता.

पुढच्या शनिवारी ती निकाल बघायला गेली. पद्धत सोपी होती : मातीत पाणी घालून ढवळायचं, निवळू द्यायचं, वर मीटरची कांडी बुडवायची. मीठ जास्त तर आकडा चढतो. खालच्या आळीच्या एकाही पिशवीचा आकडा चढलेला नव्हता.

"मॅडम, मीठ गेलं की!" राजनंदिनी ओरडली. "खालच्या आळीला पाइप नकोच. सगळं वरच्या अंगाला टाका!"

प्रियदर्शनी मॅडमनी कोपऱ्यातलं तिचं गिरमिट उचललं. गेल्या शनिवारी तिनं ठेवलं होतं तसंच होतं. स्वच्छ. पात्यावर तेलाचा हातसुद्धा तसाच. मग त्यांनी तिच्या बुटांकडं पाहिलं. तेही स्वच्छ.

"चल," मॅडम म्हणाल्या.

तानाबाईचं रान गावाबाहेर ओढ्याच्या कडेला होतं. राजनंदिनीला वाटलं कुणी तरी चुना सांडलाय. अख्खा तुकडा पांढरा. मध्येच कुठं बोटभर ऊस, तोही पिवळा, आजारातून उठल्यासारखा. पाय ठेवला की वरचा पापुद्रा कुरकुरायचा.

तानाबाई बांधावर उभी होती.

"आज्जी," राजनंदिनीचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला, "तुम्ही दिलेली माती हितली न्हाय?"

"हितली?" तानाबाईला हा प्रश्नच अपमानाचा वाटला. "ही दिऊ व्हय तुला? परड्यातली दिली की, तुळशीखालची. शेणखत घालून केल्याली. चाळून दिली बरं का! भाची पहिल्यांदा दारात आली, पदर पसरून माती मागितली, आणि तिच्या पदरात मी मीठ घालू?"

"मग आकाराम तात्यांची?"

"त्यांच्या घरात तसली माती न्हाय. त्यांनी पाव्हण्याकडनं, पलीकडच्या गावातनं आणली. सायकलीवरनं." तानाबाईनं आवाज खाली घेतला. "त्यांच्या पोराचं बघायचं चाललंय. रान मिठलंय म्हणून विद्यापीठाच्या कागदावर नाव चढलं, तर पोरगी कोण देईल?"

राजनंदिनी बांधावर बसली. म्हणजे गावानं तिला खोटं सांगितलं नव्हतं. गावानं तिचा पाहुणचार केला होता. तिनं माती मागितली होती आणि लोकांनी घरातली सगळ्यात चांगली वस्तू काढून दिली होती, जसं पाहुण्याला ठेवणीतली चादर काढतात. आणि ती मूर्ख, ती ठेवणीतली चादर बघून म्हणाली होती, या घरात फाटकं काही नाही.

"तुझ्या आकड्यांवर नकाशा केला असता," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तर पाइप वरच्या अंगाला गेले असते, आणि आज्जींच्या रानात हे मीठ पुढं किती वर्षं राहिलं असतं कोण जाणे."

रागावल्या असत्या तर राजनंदिनीनं उत्तर दिलं असतं. तिला उत्तरं पुष्कळ यायची. आता तिला फक्त आठवलं, की मॅडम या रानांत कितव्यांदा येताहेत हे तिनं विचारलंसुद्धा नव्हतं. आणि येताना वाटेत तानाबाईच्या घरातलं कुत्रं मॅडमना बघून भुंकलं नव्हतं, शेपूट हलवत आलं होतं.

"परत घेतो मी सगळी," ती म्हणाली. "प्रत्येकाच्या रानातनं."

"नेतील तुला रानात? लाज वाटते लोकांना. मी मागितली तरी पहिल्यांदा चांगल्या कोपऱ्यातलीच दाखवतात."

राजनंदिनीनं बुटाच्या टोकानं पांढरा पापुद्रा मोडला. लाज एकट्याची असली की जड असते. शाळेत सगळी पोरं एकदम नापास झाली की कुणाला काही वाटत नाही. उलट कुणाला सगळ्यात कमी पडले याची चढाओढ लागते. गणितात सातवीला त्यांच्या वर्गात लागली होती. ती जिंकली होती.

ती उठली. "मॅडम, संध्याकाळी दूध घालायला सगळी एका जागी येत्यात न्हवं?"

संध्याकाळी डेअरीसमोर किटल्यांची रांग लागली होती. बोनस जाहीर करायच्या कर्ण्यावरून राजनंदिनीचा आवाज गावभर घुमला, आणि यावेळी माय वगैरे काही नव्हतं.

"ऐका हो ऐका! पुढच्या शनिवारी स्पर्धा हाय! गावातली सगळ्यात वाईट माती कुणाची? चांगल्या मातीला कोण विचारत न्हाय! वाईट मातीला पहिला नंबर! मातीत मीठ किती ते विद्यापीठाचं मीटर सांगणार, वशिला चालणार न्हाय! माती रानात यिऊन मी स्वतः काढणार! बक्षीस : ढाल!"

"कसली ढाल?" रांगेतून कुणी तरी विचारलं.

तिच्या जगात ढाल एकच होती. टीव्हीवर ठेवलेली, रोज पुसलेली, येणाऱ्या प्रत्येकाला दाखवलेली.

"पितळी! खऱ्या स्पर्धेतली!"

आकाराम तात्यांच्या शेजारचा म्हातारा म्हणाला, "मग मलाच मिळणार. माझ्या रानात गवतबी उगवत न्हाय."

आकाराम तात्यांना हे सहन झालं नाही. पोराचं लग्न वगैरे सगळं ते क्षणात विसरले. "तुझ्या? अरं, माझ्या रानापुढं तुझं रान म्हंजे श्रीखंड! माझ्या रानात बगळाबी उतरत न्हाय!"

"बांधावर या दोघंबी," तानाबाई रांगेच्या टोकाकडून ओरडली. "माझ्या रानातलं मीठ आमटीत घालून दाखवतो!"

पुढच्या शनिवारी कोल्हापूरच्या राजनंदिनीला उसंत मिळाली नाही. ज्या रानांत कुणी नेणार नव्हतं, तिथं लोक हात धरून ओढत होते. "हितं खणा, हितं लई वाईट हाय!" "अवो पावणं, त्या कोपऱ्याला फिरवा की गिरमिट, तिथं बघा कसं पांढरं निघतंय!" तिच्या तळहाताला फोड आला. पांढरे बूट ओढ्याकाठच्या चिखलात रुतले ते पुन्हा त्या रंगाचे झाले नाहीत. चहा तिनं प्रत्येक ठिकाणी घेतला, पण माती पिशवीत गेल्यावर.

मीटरनं निकाल दिला. तानाबाई पहिली. आकाराम तात्या थोडक्यात हुकले आणि मीटर परत बुडवा म्हणून हटून बसले. मॅडमनी परत बुडवलं. तोच आकडा. तात्या म्हणाले, "पुढच्या वर्षी बघतो." मॅडम म्हणाल्या, "पुढच्या वर्षी तुमचा शेवटचा नंबर आला पाहिजे. त्यासाठीच चाललंय हे सगळं." मग संध्याकाळपर्यंत त्या नकाशावर रेघा ओढत बसल्या, आणि खालच्या आळीतून ओढ्यापर्यंत जाणारी एक जाड निळी रेघ त्यांनी राजनंदिनीला ओढायला दिली. रेघ थोडी वाकडी आली.

ढाल तानाबाईच्या घरी देवांच्या शेजारी बसली. तिच्यावर कोरलंय : 'वक्तृत्व स्पर्धा, पेठ वडगाव, द्वितीय क्रमांक.' तानाबाईला वाचता येत नाही. नातवानं वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, "बरोबर हाय. बोलण्यात मला गावात कोण हरवतंय? पण दुसरा कसा काय दिला?"

शाळेच्या स्टेजवर राजनंदिनीनं हे सगळं जसंच्या तसं सांगितलं, गिरमिटासकट आणि बुटांसकट. हात एकदाही पसरला नाही. शेवटी म्हणाली, "विद्यापीठ बंद पडलं तर फिरायला येणाऱ्यांना दुसरा रस्ता मिळंल. तानाबाई आज्जीच्या रानाला मिळणार न्हाय. आणि हे मला कळायला तुळशीखालची माती खावी लागली." पोरं हसली. शिवांजलीनं भेळ द्यायला नकार दिला; म्हणाली, प्रश्न विचारायची पैज होती, उत्तर द्यायची नव्हती, तू जास्तीचं केलंस, उलट तूच दे. दोघींनी मिळून खाल्ली.

खरा प्रश्न त्या रात्री जेवणाच्या ताटावर होता. एक वर्ष घोकलेलं पुणं, उशीखालचा चिवडा, सगळ्यांना ऐकवलेलं 'इथं काय ठेवलंय?'. हे सगळं गिळून उलटं बोलायचं म्हणजे भाकरीशिवाय ठेचा खाण्यासारखं होतं.

आईनं सुरुवात केली. आई महापालिकेच्या शाळेत शिकवते, त्यामुळं घरातही हजेरी घेते.

"टीव्हीवरची ढाल कुठं गेली?"

"दिली."

"कुणाला?"

"वाईट मातीला."

आईनं पप्पांकडं पाहिलं. पप्पांनी भाताकडं पाहिलं.

"आणि बुटांचं काय झालं? पुण्यात घालायला म्हणून घेतले होते ना?"

"पुण्याला चिखल नसतोय," पप्पा समजूत घालत म्हणाले. "नवीन घिऊ. आज मी उद्यमनगरात सगळ्यांना पेढे वाटायची तारीखबी सांगून आलोय. आत्याच्या नणंदेनं खोली बघितली म्हणं."

कर्ण्यावरून अख्ख्या गावाला ललकारणं सोपं होतं. दोन माणसांसमोर, त्यातही ज्यांनी आपल्या हट्टापायी नातेवाइकांत शब्द दिलाय त्यांच्यासमोर, तोंड उघडणं अवघड. तिला बाकाखाली पेन शोधावंसं वाटलं. पण जेवायच्या ताटाखाली काय शोधणार?

"आई, कुरुंदवाडच्या आवारात बारावीनंतर घेत्यात. माती आणि पाणी शिकवत्यात. पाच वर्षांचं हाय."

आईचा हात थांबला. "कुरुंदवाड? अगं, दर पावसाळ्यात माळ्यावर सामान चढवून चढवून जीव गेला, म्हणून तुझ्या आजोबांनी मला मुद्दाम कोल्हापुरात दिली! पूर येणार न्हाय अशा घरात!"

"मग आला की इथंबी," पप्पा हळूच म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. आणि गं, इथनं पोरी पुण्याला जातात. पुण्यातनं मुंबईला. तू उलट्या एसटीत बसणार? लोकं काय म्हणतील? नापास झाली म्हणतील!"

"म्हणू देत," राजनंदिनी म्हणाली. "एकट्याची असली की जड असती लाज. तुम्ही दोघं वाटून घेतलीसा तर हलकी हुईल."

पप्पांना ठसका लागला. तो हसण्याचा होता की भाताचा, हे कळायच्या आत राजनंदिनी उठून उभी राहिली. खरकटा हात मागं घेतला, डावा हात पसरणार होता तो धरून ठेवला, आणि वर्षभर आरशासमोर घोकलेलं सगळं विसरून स्पष्ट सांगितलं :

"पप्पा, आई, मी पुण्याला जात न्हाय. मी कुरुंदवाडला शिकायला जातो. मामाकडं राहतो. आत्याच्या नणंदेला मी स्वतः फोन करतो, उद्यमनगरातल्या प्रत्येक शेडमध्ये मी स्वतः जाऊन सांगतो. फक्त ती केशरी बॅग मात्र मी नेणार."